घाटाखालचे इस्रायल

तुंगार्लीच्या धरणावर उभं राहिलं की खाली लोणावळा पसरलेला दिसतो आणि मागच्या अंगाला राजमाचीची वाट डोंगरात शिरते. पावसाळ्याच्या शनिवारी-रविवारी इथं मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. आश्विनातल्या आडवारी मात्र गाव आपल्या मूळ चालीवर येतं. बंगल्यांची फाटकं बंद असतात, माळी वाढलेलं गवत कापत असतात. जुन्या वस्तीतली माणसं लोणावळ्याच्या बाजारात चालत जाऊन येतात. मी तुंगार्लीत मुक्काम केला तो एका विशिष्ट हेतूनं. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचा माग काढायचा होता, आणि त्यासाठी घाटमाथ्यासारखी जागा नाही. खाली त्यांची जुन्या कुलाबा जिल्ह्यातली गावं, वर त्यांचं पुणं, आणि मधे बोरघाट. गेल्या दोनशे वर्षांत हा समाज याच घाटानं वर चढला आणि पुढे कितीतरी दूर गेला.

लोणावळ्यातून जुन्या रस्त्यानं खाली उतरताना रेल्वेचे बोगदे अधूनमधून दिसतात. १८६३ साली हा घाट रेल्वेनं पार झाला आणि मुंबई-पुणे जोडले गेले. त्यानंतरच्या पिढ्यांतले कितीतरी बेने इस्रायल ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला होते. ते रेल्वेत का आले याचं उत्तर लष्करात सापडतं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या पलटणीत त्यांची भरती सुरू झाली आणि सुभेदार-मेजरपर्यंत अनेक जण चढले. मग सरकारनं सैन्याची मांडणी जातवार आणि जमातवार केली. मूठभर संख्येच्या समाजाला स्वतःची कंपनी कुठून मिळणार? बंदूक सुटली आणि पुढच्या पिढीनं कारकुनी, टपाल, रेल्वे, शाळा आणि दवाखाने धरले.

मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालयही एका लढाईतून उभं राहिलं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत सिनेगॉग बांधलं. समाज त्याला आपली जुनी मशीद म्हणतो. शेजारचं मस्जिद बंदर स्टेशन आजही त्याच नावानं ओळखलं जातं असं अनेक जण मानतात.

खोपोलीहून पेणचा रस्ता धरला की घाटाची हवा मागे पडते. भाताच्या खाचरांत पीक पिवळं पडायला लागलेलं असतं आणि दुतर्फा गणपतीचे कारखाने मोसम संपल्यामुळे शांत असतात. पेणमध्ये १८६३ सालचं सिनेगॉग आहे, बेथ हाएलोहीम. म्हणजे वर घाटातून पहिली गाडी गेली त्याच वर्षीचं. ज्या समाजाची आडनावं पेणकर, नवगावकर, किहीमकर, रोहेकर, झिराडकर, चौलकर अशी आहेत, त्याच्या मागावर या रस्त्यानं निघालं की गावाच्या पाट्या वाचताना माणसांचीच ओळख होत जाते.

या माणसांच्या राजकारणाबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे. बहुतेक लेखांत मलिद्याचा प्रसाद येतो, नऊवारी साडीतली ज्यू नवरी येते, फार तर सिनेमातले नट डेव्हिड येतात. पण पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत या छोट्या समाजात जी वैचारिक लढाई झाली ती महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. १९१७ साली त्यांच्या दोन संस्था निघाल्या. एक बेने इस्रायल परिषद. तिच्या पुढाकारात औंध संस्थानचे कारभारी राहिलेले जेकब बापूजी इस्रायल होते. तिचा कल समाजसुधारणेकडे, शिक्षणाकडे आणि राजकारणापासून दूर राहण्याकडे. दुसरी ऑल इंडिया इस्रायलाइट लीग. तिच्यात डॉ. एलायजा मोझेस आणि डेव्हिड एरुलकर ही मंडळी होती आणि तिचं मन राष्ट्रीय चळवळीकडे ओढलेलं होतं. लीगचं ‘इस्रायलाइट’ हे मासिक इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघायचं.

हे डेव्हिड एरुलकर कोण? १९१६ साली लोकमान्य टिळकांवर स्वराज्याच्या भाषणांबद्दल खटला उभा राहिला, तेव्हा जीनांच्या बरोबरीनं टिळकांच्या बचावाला जे वकील उभे राहिले त्यांत एरुलकर होते. मला हे चित्र विलक्षण वाटतं. चित्पावन ब्राह्मण नेता, खोजा मुसलमान बॅरिस्टर आणि कोकणातला ज्यू वकील, तिघं एकाच बाजूला. त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुलकर हे गांधीजींचे डॉक्टर म्हणून ओळखले गेले आणि पुढे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले. लीगचे डॉ. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना आपण ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून जातो तो त्यांच्या नावाचा.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या काळात देशातला जवळजवळ प्रत्येक समाज स्वतंत्र मतदारसंघाचा विचार करत होता. बेने इस्रायलांतही त्यावर वाद झाले, पण समाज म्हणून त्यांनी ती मागणी लावून धरली नाही. मूठभर लोकांनी वेगळं दार मागायचं नाही असं ठरवणं म्हणजे शेजाऱ्यांवर विश्वास टाकणं होतं. मी या निर्णयाला त्यांच्या इतिहासातलं मोठं पान मानतो.

दुसरीकडे झायोनिस्ट चळवळ होती, ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये मायभूमी हवी म्हणणारी. १८९७ साली बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली तेव्हा बेने इस्रायलांनाही बोलावणं आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. आम्हाला परत न्यायचं ते देव नेईल, माणसांच्या खटपटीनं ते व्हायचं नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. १९२० साली मुंबईत झायोनिस्ट असोसिएशन स्थापन झाली, पण तिच्यात पुढाकार बगदादी ज्यूंचा, म्हणजे ससून घराण्याच्या मागोमाग इराकातून आलेल्या व्यापारी मंडळींचा. या दोन समाजांचं फारसं जमत नसे. बगदादी लोक बेने इस्रायलांना अस्सल ज्यू मानायला कचरत, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना धरायलाही काही जण तयार नसत. पुण्यात हा दुरावा दगड-विटांत दिसतो. कॅम्पातलं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं भव्य सिनेगॉग डेव्हिड ससून यांनी बांधवून घेतलेलं, १८६७ सालचं. तर रास्ता पेठेतलं १९२१ सालचं साधं सिनेगॉग बेने इस्रायलांचं. घाटावर गेलात तर दोन्ही पाहा, आणि पेठेतलं चुकवू नका.

वडखळच्या पुढे पोयनाडकडे वळलं की खाडीची हवा लागते. इथून अलिबागपर्यंतच्या वाटेवर मनात राहिला तो १९३३ नंतरचा काळ. हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, झेकोस्लोव्हाकियातले ज्यू जगभर आसरा शोधू लागले. त्यांतले काही मुंबई बंदरावर उतरले. १९३४ साली मुंबईत ज्युईश रिलीफ असोसिएशन निघाली. आलेल्या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही अशी हमी ही संस्था भरायची आणि मग त्याला देशात प्रवेश मिळायचा. डॉक्टर, दंतवैद्य, संगीतकार, चित्रकलेचे जाणकार असे लोक आले. त्यांच्यातले वॉल्टर कॉफमन १९३४ साली आले आणि पुढे मुंबईच्या आकाशवाणीत लागले. आपली कित्येक वर्षं सकाळ ज्या तानपुऱ्यावरच्या व्हायोलिनच्या सुरावटीनं उजाडली, ती आकाशवाणीची धून त्यांचीच मानली जाते. एमानुएल श्लेझिंगर हे व्हिएन्नाहून आलेले. हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीची चित्रं विकत घेऊन त्यांना उभं करणाऱ्यांत ते होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला झाला, ३ तारखेला ब्रिटन युद्धात उतरलं आणि भारतात एक क्रूर विसंगती घडली. जर्मन पारपत्र असलेला प्रत्येक पुरुष शत्रू ठरला, मग तो नाझी असो की नाझींपासून पळालेला ज्यू. सगळ्यांना उचलून अहमदनगरच्या छावणीत टाकलं. छळणारे आणि छळलेले एकाच तारेच्या कुंपणात. माल्कम डार्लिंग यांच्या समितीनं एकेकाची चौकशी केली तेव्हा बरेचसे ज्यू काही महिन्यांत सुटले. पुढे काही परकीय कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत ठेवण्यात आलं. शिवरायांच्या तहाचा पुरंदर आपल्याला ठाऊक असतो, युरोपातल्या युद्धाचे बंदी ठेवणारा पुरंदर क्वचित आठवतो.  

युद्ध सुरू होण्याआधीच्या वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’च्या २६ नोव्हेंबर १९३८ च्या अंकात ज्यूंविषयी लेख लिहिला. ज्यूंबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, पण पॅलेस्टाइन अरबांचं आहे आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, असा त्याचा आशय. जगभर खळबळ उडाली. मार्टिन बूबर या तत्त्वज्ञानं जेरुसलेमहून सविस्तर उत्तर लिहिलं. मुंबईच्या ‘ज्युईश अॅडव्होकेट’चे संपादक ए. ई. शोहेत यांनीही या भूमिकेला आक्षेप घेतला आणि पुढे १९३९ मध्ये गांधीजींची भेट घेतली. बेने इस्रायलांची कोंडी यात सर्वांत अवघड. ज्या नेत्याच्या खाटेशी त्यांचा डॉक्टर बसत होता, त्याचा सल्ला युरोपातल्या भाऊबंदांच्या जिवावर उठणारा वाटत होता. गांधीजींचं अहिंसेवरचं प्रेम मला पूज्य आहे, पण तो लेख आज वाचताना घशाखाली उतरत नाही. गॅस चेंबरच्या दारात नैतिक विजयाची भाषा चालत नाही.

अलिबागला पोचल्यावर समुद्राकडे न जाता मी इस्रायल आळी शोधली. भर वस्तीतली अरुंद गल्ली, जुनी कौलारू घरं आणि मधोमध मागेन अबोथ सिनेगॉग. मूळ वास्तू १८४८ सालची, आजची १९१० साली पुन्हा बांधलेली. बाहेर ओट्यावर एक वयस्कर बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कुठून आलात?”

“लोणावळ्याहून, तुंगार्लीहून.”

“मग थंडीतून उकाड्यात आलात म्हणायचं. बघून घ्या, पण आत जायचं तर त्यांच्या माणसाला आधी सांगावं लागतं. तसं नाही जाता येत.”

“तुम्ही त्यांच्यापैकी का मावशी?”

“नाही हो. शेजारी आम्ही. पण सणाला त्यांच्या घरचं आमच्याकडे यायचंच. आता माणसंच कुठं राहिलीत?”

माणसं गेली ती युद्ध संपल्यावर, आणि गेली ती कुणी हाकललं म्हणून नव्हे. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण जगातल्या बहुतेक ज्यू वस्त्या जुलमामुळे रिकाम्या झाल्या, कोकणातली तशी झालेली नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये भारत स्वतंत्र झाला, त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचं मतदान झालं आणि भारतानं विरोधात मत दिलं. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली. वर्षाच्या आत दोन देश जन्मले आणि बेने इस्रायलांना दोन्ही आपले वाटत होते. इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल, जकात या खात्यांतली त्यांची पिढीजात जागा आता राहील का ही धास्ती होती. देशाच्या फाळणीतला रक्तपात त्यांनी पाहिला होता. युरोपात काय घडलं याच्या बातम्या एकेक करून पोचल्या होत्या. मुंबईत ‘हाबोनीम’ ही तरुणांची झायोनिस्ट संघटना काम करत होती, ज्यूंना तिकडे नेऊन वसवणाऱ्या ज्युईश एजन्सीनं माणसं बसवली होती. अफगाणिस्तानातून निघालेले ज्यू तर मुंबईच्या छावणीत थांबून पुढे जात होते. शेजारून माणसं सतत निघताना दिसली की घरातही बोलणी सुरू होतातच.

भारतानं १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र २९ जानेवारी १९९२ पर्यंत जुळले नाहीत. या मधल्या चार दशकांत नवगावकर, पेणकर, रोहेकर असे हजारो लोक बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, येरुहाम इथं जाऊन बसले. वाळवंटाच्या कडेला नव्यानं उभारलेल्या वस्त्या त्या. दिमोनातल्या किटान कापडगिरणीत मुंबईच्या गिरण्यांचा वारा अंगावर घेतलेले हात लागले.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. १९५१ साली बीरशेबात बसवलेल्या बेने इस्रायलांतले काही लोक उठून तेल अवीवला आले आणि ज्युईश एजन्सीच्या कचेरीबाहेर धरणं धरून बसले. कामात, घरात, वागणुकीत आम्हाला काळे म्हणून डावललं जातं, आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी होती. नव्या देशात आलेल्या माणसांनी जुना देश मागणं ही त्या सरकारसाठी मोठी नामुष्की होती. ते हटले नाहीत. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानानं मुंबईला परत आणावं लागलं. त्यांतल्या अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायल गाठलं, पण स्वतःच्या अटीवर.

दुसरी लढाई याहून खोल होती. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं निर्देश काढले, की बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची वंशचौकशी करावी. शतकानुशतकं हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांत राहून शनिवार पाळणाऱ्यांना आता तुमचं ज्यूपण दाखवा असं सांगितलं गेलं. मुंबईत निषेधसभा झाल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात इस्रायलभरातून आलेली बेने इस्रायल कुटुंबं, बायका-मुलांसह, जेरुसलेममध्ये ज्युईश एजन्सीच्या इमारतीसमोर ठाण मांडून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेनं, क्नेसेटनं, खास ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत. महिनाअखेरीस रब्बी मंडळानं निर्देशांतून त्यांचं नाव काढलं.

ही माणसं धरणं धरायला कुठं शिकली? मिठाच्या सत्याग्रहाची, परदेशी मालाच्या दुकानांवरच्या पहाऱ्यांची, छोडो भारतची मुंबई त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सुचवलेलं हत्यार तिथं चालण्यासारखं नव्हतंच. पण ज्या राज्याला स्वतःच्या न्यायीपणाची चाड होती, त्याच्या दारात ते चाललं, आणि चालवलं ते कोकणातल्या ज्यूंनी. टिळकांच्या वकिलाचा आणि गांधींच्या डॉक्टरचा समाज होता तो. १९१७ च्या लीगची बीजं जेरुसलेमच्या फुटपाथवर उगवली असं मी म्हणतो तेव्हा मला ती कल्पना वाटत नाही, सरळ वारसा वाटतो.

अलिबागहून उत्तरेला थळ आणि मग नवगाव. समुद्राला लागून माडांच्या वाड्या, आणि त्यांत या समाजाचं सर्वांत जुनं दफनस्थान. परंपरा सांगते, की दोन हजार वर्षांपूर्वी गलबत इथंच फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ बुडाले, आणि आठवणीत ‘शेमा’ ही एकच प्रार्थना उरली. जी प्रेतं किनाऱ्याला लागली ती इथं पुरली, अशी समजूत. समाजानं इथं स्मारकस्तंभ उभारला आहे. हा इतिहास इंग्रजीत सविस्तर मांडणाऱ्या हाएम सॅम्युएल केहीमकर यांचं घराणं शेजारच्या किहीमचं. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेलं पुस्तक छापलं गेलं ते १९३७ साली, तेल अवीवमध्ये. मराठी प्रकाशनविश्वानं त्याची दखल फार उशिरा घेतली, याची खंत वाटते.

आज भारतात बेने इस्रायल चार-पाच हजारांच्या आसपास असतील, इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात धरले जातात. तिथून नोहा मस्सील यांनी चालवलेलं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक कित्येक वर्षं निघत राहिलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर सरकारी कागदावर त्यांचा रकाना ‘इतर’ असायचा. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी वेगळा मतदारसंघ मागितला नाही त्यांना निदान स्वतःच्या नावाची नोंद मिळायला इतका काळ लागावा, हे आपल्याला शोभणारं नव्हतं.

या वाटेवर जायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सिनेगॉगमध्ये शिरायचं तर आधी विश्वस्तांशी बोलून वेळ घ्यावी आणि ओळखपत्र जवळ बाळगावं. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ असतो, तेव्हा फोटो काढू नयेत. पुरुषांनी डोकं झाकावं. अलिबागहून दक्षिणेला रेवदंड्यातही १८४२ सालचं सिनेगॉग आहे, तेव्हा चौलची देवळं पाहायला जाणाऱ्यांनी तिकडे पाऊल वळवावं.

आणि खंडाळा. लोणावळ्याशेजारचं नव्हे, अलिबागजवळचं. इथं माळावर एक कातळ आहे, एलियाहू हन्नाबीचा टापा. संदेष्टा एलिया स्वर्गात जाताना त्याच्या रथाची आणि घोड्यांची खूण इथं उमटली असं समाज मानतो. तू बिश्वात या ज्यू सणाला, म्हणजे आपल्या पौष-माघाच्या सुमारास, मुंबई-ठाण्याहून बेने इस्रायल कुटुंबं इथं येतात. ओल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, बेदाणे आणि फळं घालून मलिदा करतात, एलियाहूच्या नावानं प्रार्थना म्हणतात आणि तो वाटतात. इस्रायलमधून कोकण पाहायला आलेली मंडळीही या कातळापर्यंत येतात. दिमोनात जन्मलेल्या एखाद्या पेणकराला आजोबांचं गाव पाहायचं असलं तर त्याचा रस्ता इथूनच पुढे पेणकडे लागतो.